बोरीवरच्या घराखाली

माझ्या दोन्ही मुलांना निसर्गाची आवड कधीच नव्हती. थोरल्याला लहानपणी दंडोबाच्या डोंगरावर नेलं, तर अर्ध्या वाटेत बसकण मारून ‘घरी कधी जायचं’ म्हणून भोकाड पसरायचा. धाकट्याला गवतात बसवलं की अंगावर गांधी उठायच्या. अशा ह्या दोन निसर्गप्रेमींनी एक होऊन जाहीर केलं, की डिसेंबरच्या सुट्टीत आपण सगळ्यांनी इथल्या, म्हणजे अमिरातीतल्या, फुजैराकडच्या डोंगरात, एका वादीत, झाडावरच्या घरात राहायला जायचं. आणि ते कुणासाठी? तर आईसाठी! माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. नाही चुकचुकली. इथे एसीत राहून पालीसुद्धा सुस्तावत असतील.

वादी म्हणजे दोन डोंगरांच्या मधली नदीची घळ. वर्षातले बरेच दिवस तिथे नदी नसते, नदीची जागा असते. पण थोरली सून म्हणाली, ‘आई, ह्या वादीत पाणी आहे, फोटो बघा.’ बघितले. हिरवं पाणी, काळेकरडे कडे, मधे खजुरीची झाडं आणि एका झाडात अडकलेलं लाकडी घर. एका रात्रीचा दर थोरल्याने आधी दिरहममध्ये सांगितला, मग माझ्या सोयीसाठी रुपयांत करून मोठ्याने सांगितला आणि मला भोवळ यायची वाट बघत उभा राहिला. मी नुसतं ‘बरं’ म्हटलं. त्याचा जरा हिरमोड झाला.

मी मूळची मिरजेची. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून सगळी नोकरी काढली, शेवटची काही वर्षं वॉर्डाची इन-चार्ज होते. नवरा गेल्यावर आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होते आणि मजेत होते. गॅलरीत उभी राहिले की अर्धी गल्ली माझी तब्येत विचारून जायची आणि उरलेली अर्धी स्वतःची सांगून जायची. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरला, मनगट मोडलं आणि रात्रभर तिथेच पडून राहावं लागलं. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवून वाजवून शेजाऱ्यांना गोळा केलं. झालं! मी एकटीने काढलेली सगळी वर्षं त्या एका रात्रीपुढे रद्द झाली. थोरला विमानाने आला आणि मला अबुधाबीला घेऊन गेला. ‘तीनच महिने, आई. हात बरा होईपर्यंत.’

हात केव्हाच बरा झाला. त्या हाताने मी इथे भाकऱ्या थापते, त्या सगळे चाटूनपुसून खातात आणि मग मला सांगतात की आई, तू हातावर लोड देऊ नकोस. मी घरी कधी जायचं विचारलं की थोरला म्हणायचा, ‘पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला.’ इथल्या ऑफिसात राहून तो हा शब्द शिकलाय. इथली माणसं तो श्रद्धेने म्हणतात. माझा मुलगा ‘नाही’ म्हणायची छाती झाली नाही की म्हणतो. व्हिजिट व्हिसा संपला, तो वाढवला. मग एका संध्याकाळी केक आणला आणि माझ्या हातात माझा फोटो असलेलं कार्ड ठेवलं. ‘आई, आता तू इथली रेसिडेंट!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपला मुक्काम वाढल्याबद्दल वॉर्डात कुठल्या पेशंटने टाळ्या वाजवलेल्या मी तरी पाहिल्या नव्हत्या.

तसं मला इथे दुःख काही नाही हो. छळ तर मुळीच नाही, उलट अतोनात काळजी. खलिफा सिटीतल्या थोरल्याच्या व्हिलात इतकी शांतता, की फ्रिज सुरू झाला तरी कुणी आल्यासारखं वाटतं. कोथिंबिरीची एक जुडी आणायला कुणीतरी गाडी काढावी लागते. दुबई मरीनात धाकट्याचं घर इतक्या उंचावर, की खाली माणसं राहतात हे केवळ ऐकीव माहितीवर धरून चालायचं. एका घरी कंटाळा दिसला की मला दुसऱ्या घरी हलवतात. हवापालट!

ह्या काळात मी एक सोय शोधून काढली. मला विचारले जाणारे प्रश्न असे असायचे: ‘आई, बोअर नाही ना होत?’ ‘आई, इथले रस्ते किती क्लीन आहेत ना?’ ह्यावर काय उत्तर देणार, कपाळ! मी उत्तर देणंच बंद केलं. मेथी निवडत बसायचं, मान हलवायची. थोड्या दिवसांत सगळ्यांचं एकमत झालं की आईला ऐकू कमी येतं. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायला लागले. कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंटसुद्धा घेतली. जिने एवढ्या नाइट ड्यूट्या काढल्या, वॉर्डाच्या टोकाला कुणी कण्हलं तर खुर्चीतून उठून नेमकी त्याच खाटेपाशी जायची, तिचे कान तपासायला निघाली ही मंडळी. मी जाणार होते. तेवढाच बाहेर पडायचा योग.

तर झाडावरचं घर. निघताना थोरलीने दोन कूलबॉक्स, कुकर, थालीपिठाची भाजणी आणि मिसळीचा कट घेतला. धाकट्याने एअर फ्रायर घेतला. रानावनात राहायचं म्हटल्यावर तो कसा विसरून चालेल! गाडीत थोरल्याची मुलगी, म्हणजे माझी नात, कानात गाण्यांची बोंडं घालून बसली होती. तिला म्हटलं, ‘अगं, बाहेर बघ की, डोंगर आले.’ ती म्हणाली, ‘आय नो, आजी. दे आर नाइस.’ डोंगरांची बोळवण झाली.

डोंगर मात्र खरोखर नाइस होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गवताची काडी नाही, नुसता दगड, थर दिसणारा, आणि दोन्ही बाजूंनी इतका जवळ आलेला की आभाळाची पट्टी तेवढी उरते. खाली दगडगोट्यांतून पाणी वाहत होतं. फोटोतल्याइतकं हिरवं नव्हतं आणि फोटोतल्याइतकं जास्तही नव्हतं, पण पाणी होतं, खळखळत होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या मी चप्पल काढून त्यात पाय घातले. लगेच चार तोंडांतून ‘आई, स्लिप व्हाल!’ असा एक सूर निघाला. मी पाय काढले.

झाडावरचं घर झाडावर नव्हतं. चार लोखंडी खांबांवर होतं. झाड आपलं साक्षीला उभं होतं, घराच्या गॅलरीला भोक पाडून त्यातून वर काढलेलं. आणि झाड कसलं? तर बोरीचं! त्याला इथे सिद्र म्हणतात आणि मान देतात, त्याच्या फुलांवरचा मध म्हणे औषधी. पण बोर ती बोरच, काटे ओळखीचे होते. आमच्याकडे बोरीवर शेळ्या चढतात आणि शाळा बुडवलेली पोरं. तिथे राहायला अबुधाबी-दुबईच्या पगारदार माणसांनी सुट्टी टाकून, दोन-अडीच तास गाडी हाणत यायचं, म्हणजे प्रगतीच म्हणायची.

वर जायला जिना होता, जिना कसला, शिडीच. ती बघून धाकटी सून म्हणाली, ‘आईंना काही हे जमायचं नाही.’ इतक्या लगेच म्हणाली, आणि माझ्यासाठी शेजारी तंबू आधीच इतका सजवून तयार होता, की मला कौतुकच वाटलं. तंबूत एसी, पलंग, आरसा आणि पलंगावर टॉवेलचं बदक. मी बदक उलगडून तोंड पुसलं.

संध्याकाळी कोळसे पेटवले. थोरला आणि धाकटा दोघं मिळून शेगडीला वारा घालत होते आणि आपण फार मोठं काही करतोय अशा चेहऱ्याने धुरात उभे होते. पाण्याच्या पलीकडे इथल्याच लोकांचं एक कुटुंब गालिचे अंथरून बसलं होतं. त्यांच्यात माझ्याच वयाची एक म्हातारी लोडाला टेकून बसली होती. तिने लांबून हात केला, मीही केला. थोड्या वेळाने त्यांच्याकडून खजुराचं ताट आलं. आमच्याकडून काय पाठवावं ह्यावर दोन्ही सुनांची बरीच चर्चा झाली आणि शेवटी एअर फ्रायरमधले बटाटेवडे गेले. त्यांनी ते खाल्ले असावेत, ताट रिकामं परत आलं.

जेवताना थोरला दोनतीनदा घसा साफ करून ‘आई,’ म्हणाला. मी वर बघितलं की ‘कणीस घे ना,’ म्हणायचा. मला वाटलं दमलाय. पोट भरल्यावर सगळे वर गेले, मी बदकाच्या पलंगावर आडवी झाले.

सकाळी ऊन अजून खाली घळीत उतरलं नव्हतं. नात झोपलेली होती. दोघं मुलगे आणि दोघी सुना कॉफीचे मग घेऊन वर गॅलरीत जमले. त्याआधी थोरलीने मला खांबांच्या मधल्या सावलीत खुर्ची टाकून दिली, अंगावर शाल घातली आणि मांडीवर मेथीची जुडी ठेवली. कॅम्पिंगला मेथी! पण मी ओळखलं. आम्हीसुद्धा वॉर्डात म्हाताऱ्या पेशंटना कापसाचे बोळे करायला बसवायचो. बोळे कमी पडत होते म्हणून नव्हे, त्यांनी सारखं ‘घरी कधी’ विचारू नये म्हणून.

तर मी खाली, माझ्या डोक्यावर फळ्या, आणि फळ्यांमध्ये बोटभर फटी. वरून मोजे दिसत होते. कॉफीचा एक थेंब माझ्या मेथीत पडला.

‘कोण सांगणार आहे आईंना?’ धाकटी सून म्हणाली. ‘इथे आल्यावर सांगायचं ठरलं होतं ना?’

‘ब्रेकफास्टनंतर बघू,’ थोरला.

‘दादा, काल तू सनसेटला सांगणार होतास,’ धाकटा म्हणाला. ‘मग बार्बेक्यूनंतर. सीनरी बदलतेय, तू काही बोलत नाहीयेस.’

‘मग तू सांग ना. यल्ला, जा, खालीच बसलीय ती.’

‘मी कशाला? टेनंट तू शोधलास.’

‘हळू बोला,’ थोरली म्हणाली.

‘वहिनी, त्यांना कुठे ऐकू येतंय,’ धाकटी म्हणाली. ‘पण महिना झाला आता. शेजारच्या कुणी फोनवर सांगितलं की तुमच्या घरात माणसं राहायला आलीत, म्हणजे? फ्लॅट भाड्याने दिलाय हे त्यांना आपल्याकडूनच कळायला हवं.’

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. मी काही वेळ तिच्याकडेच बघत होते. पहिलं काय मनात आलं सांगू? माझ्या कपाटातल्या साड्या. त्या कुणी काढल्या, कशात भरल्या, असलं काहीतरी फालतू. मी इथे महिनाभर ‘पुढच्या महिन्यात’ ऐकून घेत होते, मनातल्या मनात बॅग भरत होते, आणि माझ्या घरात दुसऱ्याचा कुकर शिट्ट्या देत होता. मी काय मेले होते? मेलेल्या माणसाच्या घराचीसुद्धा तेरा दिवस वाट बघतात.

वर पुढचा विषय निघाला होता, मला कुणाकडे किती दिवस ठेवायचं. धाकटी म्हणाली, सहा-सहा महिने फेअर आहे, पण आमच्याकडे बेडरूम दोनच. थोरली म्हणाली, बेडरूमचा प्रश्न नाही, वेळेचा आहे, मीही नोकरी करते. दोघीही वाईट बोलल्या नाहीत. अगदी समंजस बोलल्या. हॉस्पिटलात हे मी जन्मभर ऐकलंय. पेशंट खाटेवर डोळे मिटून पडलेला असतो आणि नातेवाईक त्याच्या पायथ्याशी उभं राहून, ह्याच समंजस आवाजात, त्याची वाटणी करत असतात. आम्ही त्यांना बाहेर काढायचो. ‘चला, बाहेर बोला, पेशंटला कान आहेत.’ इथे कुणाला बाहेर काढणार? मीच बाहेर बसलेली.

मग धाकटा म्हणाला, ‘दादा, खरं सांगू? तिला जाऊ दे की मिरजेला. बाई ठेवू एखादी.’

मग थोरल्याचा आवाज आला, आणि तो मला ओळखू येईना.

‘मला शेजाऱ्यांचा तो फोन परत नकोय,’ तो म्हणाला. ‘तुला माहीत नाही. त्या रात्री मी तिला फोन केला होता. तिने उचलला नाही. मी म्हटलं झोपली असेल, आणि मॅच बघत बसलो. ती तिकडे फरशीवर पडली होती, आतून फोन वाजलेला ऐकत होती, आणि मी मॅच बघत होतो. मला नाही जमणार परत. तिने माझा राग राग केला तरी चालेल.’

तो रडत होता. अडुसष्ट किलोचा, टक्कल पडलेला, चाळीस माणसं हाताखाली असलेला माझा मुलगा बोरीच्या झाडावर बसून रडत होता. मला भडभडून आलं, खोटं कशाला बोलू. तो फोन मी ऐकला होता. थांबला तेव्हा म्हटलं होतं, बरं झालं, पोराची झोप तरी मोडली नाही. पण त्याच दमात असा संताप आला, असा संताप, की हातातली काडी मोडली. अरे बाबा, तुला झोप लागावी म्हणून माझं घर दुसऱ्याला दिलंस? झोप येत नव्हती तर गोळी घ्यायचीस!

मी उठून ओरडले नाही. का नाही, ते मलाही नीट सांगता येणार नाही. एक म्हणजे मला बघायचं होतं, ह्यांच्यातला कोण खाली येऊन माझ्या तोंडावर सांगतो. मी मेथी निवडली. सगळी निवडली. कॉफीचं पान तेवढं टाकून दिलं.

ब्रेकफास्टला मिसळ झाली. सगळे इतके गोड बोलत होते की फरसाणसुद्धा लाजलं असतं. खाऊन झाल्यावर थोरला म्हणाला, ‘आई, चल, पाण्यापर्यंत जाऊ या.’ त्याने स्वतः माझी खुर्ची उचलली, पाण्याची बाटली घेतली, सपाट जागा बघून खुर्ची टेकवली आणि समोर एका दगडावर बसला. मग बाटली उघडून माझ्या हातात दिली. मी मनात म्हटलं, शाबास! नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची आमची पद्धत हीच. आधी बसवायचं, हातात पाणी द्यायचं, मग सांगायचं.

त्याने सांगितलं नाहीच. त्याने विचारलं, ‘आई, तुला इथे बरं वाटतंय ना?’

‘इथे म्हणजे कुठे? ह्या गोट्यांवर?’

‘नाही, म्हणजे, आमच्याजवळ. मिरजेपेक्षा सेफ वाटतं ना? म्हणजे तुलाच तसं वाटत असेल, तर मग—’

म्हणजे सगळं करून सवरून वर ते माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. मला काही ते सोसलं नाही.

‘भाडेकरू कोण आहेत?’ मी विचारलं.

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग वर त्या लाकडी घराकडे, मग फळ्यांकडे. त्याचा चेहरा शाळेत कॉपी करताना सापडला होता तेव्हासारखा झाला.

‘तुला ऐकू येतं?’

‘तुझ्या जन्माआधीपासून. कोण आहेत?’

‘एक तरुण जोडपं आहे,’ तो खाली बघून म्हणाला. ‘बायको नर्स आहे, तुमच्याच हॉस्पिटलात. मी मुद्दाम नर्स बघूनच दिला, आई. म्हटलं, तुला जरा बरं वाटेल.’

मला हसू आलं. राग तसाच होता आणि हसू आलं. ‘वा!’ मी म्हटलं. ‘घर गेल्याचं दुःख नर्सने हलकं होतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नाही बघ.’

‘आई, प्लीज. सॉरी. तू परत पडलीस तर? मी इथे, एवढ्या लांब. मी काय करणार?’

‘तेच करशील जे गेल्या खेपेला केलंस. विमानात बसून येशील. आणि एखाद्या दिवशी उशिरा पोचशील. सगळ्यांचीच मुलं कधीतरी उशिरा पोचतात रे. पण म्हणून माणसाने आधीपासूनच मेल्यासारखं राहायचं का?’

त्याचे डोळे सकाळपासून लालच होते. मी त्याच्या टकलावरून हात फिरवला. मग म्हटलं, ‘मी जाते. त्या पोरीकडेच राहते. आतली खोली मला, बाहेरचं त्यांना. रात्री घरात कुणीतरी असेल, ते पण नर्स. तुझी झोपेची सोय झाली, माझी घराची.’

‘असं कसं? ती अनोळखी माणसं आहेत, आई!’

‘मी सगळा जन्म अनोळखी माणसांतच काढला,’ मी म्हटलं. ‘त्यांच्यातल्या एकानेही मला न विचारता माझं काही हलवलं नव्हतं.’

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. तो उठला, पाण्याच्या कडेने थोडा पुढे गेला, तिथेच उभा राहिला. मी आपली खुर्चीत. शेळ्यांचा एक कळप कुठूनसा उतरला आणि आमच्या झाडावरच्या घराच्या शिडीखाली पडलेली मेथीची देठं खाऊन गेला. थोड्या वेळाने तो परत आला आणि म्हणाला, ‘तिने नाही म्हटलं तर?’

‘तर नाही म्हणाली. घरात ती राहते, नाही म्हणायचा हक्क आहे तिला. मी खोली बघेन दुसरी. पेन्शन माझी आहे, पाय माझे आहेत. नंबर दे तिचा.’

घळीत रेंज नव्हती. आवराआवर झाली, टॉवेलचं नवं बदक कुणीतरी करून ठेवलं होतं ते तसंच सोडलं, आणि आम्ही निघालो. दोन्ही कुटुंबं त्या एकाच मोठ्या गाडीत. काय झालंय ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. धाकटी सून माझ्याशी बोलताना एकदम हळू बोलायला लागली होती, आधी ओरडून बोलायची. डोंगर मागे पडले, रस्ता सरळ झाला, तशी मागून नात म्हणाली, ‘आजी, यू हॅव सिग्नल नाउ.’

थोरल्याने गाडी चालवता चालवता नंबर लावून दिला. त्याचा फोन गाडीला जोडलेला, त्यामुळे रिंग सगळ्या गाडीभर वाजायला लागली. बंद कसं करायचं मला कळेना, आणि कुणी केलंही नाही.

‘हॅलो?’ पोरीचा आवाज. मागे कुकरची शिट्टी. माझ्या स्वयंपाकघरातली.

मी कोण ते सांगितलं. पलीकडे एकदम धांदल झाली, कुणाला तरी ‘अहो, गॅस बंद करा’ म्हटलेलं ऐकू आलं. मग ती म्हणाली, ‘काकू, नमस्कार! बरं झालं तुमचाच फोन आला. मला तुमचा नंबर हवा होता, पण दादा म्हणाले तुम्हाला त्रास नको. एक विचारायचं होतं.’

‘विचार की.’

‘तुमचा देव्हारा आम्ही होता तसाच ठेवलाय. पण धूळ बसायला लागलीय, काकू. कुणी बघत नाही ना. आम्ही ख्रिश्चन आहोत, म्हणून मी हात लावला नाही. दादांना मेसेज करून विचारलं, तर त्यांनी नुसता अंगठा पाठवला. पुसू की नको, काही कळेना. मग म्हटलं, ज्यांचे देव आहेत त्यांनाच विचारावं. मी पुसले तर तुम्हाला चालेल का?’

थोरल्याची मान समोर रस्त्याकडे होती, पण मागून त्याचे कान लाल झालेले मला दिसले. धाकटा खिडकीबाहेर बघायला लागला. गेलं वर्षभर मला औषध, जेवण, गाडी, व्हिसा सगळं मिळालं होतं, आणि ‘तुम्हाला चालेल का’ हे कुणी म्हटलं नव्हतं. मी पदराने डोळे पुसले. सगळ्यांच्या देखत पुसले.

‘काकू? आवाज येतोय का माझा?’

‘येतोय गं. पूस,’ मी म्हटलं. ‘सुती फडकं घे, आणि बाळकृष्णाचा एक हात सैल आहे, तो जपून. आणि ऐक, मला तिकडे येऊन राहायचंय. आतल्या खोलीत. तुम्ही दोघं आहात तसेच राहा. तुला चालेल का?’

तिने तिथल्या तिथे नवऱ्याला विचारलं. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण तो हसला ते ऐकू आलं.

‘या की, काकू,’ ती म्हणाली. ‘कधी येताय?’

थोरल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

‘रविवारी,’ मी म्हटलं.